वाचनालयात नाताळ करायचाय, पण वाचनालयाला शोभेल असा. काय करू?

देवघेव_खिडकी · २ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडला, जेलरोडच्या आतल्या वस्तीतल्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. दोन खोल्या, १४ कपाटं, दाखल नोंदवहीत साडेसात हजारांच्या घरात पुस्तकं आणि संध्याकाळी ५ ते ८ देवघेव. नाशिक शहरात मोडत असलो तरी आमची वस्ती अजून गावासारखीच आहे. कोणाकडे पाहुणे आले तेही खिडकीशी बसल्या-बसल्या मला कळतं.

गल्लीच्या टोकाला चर्च आहे. आजूबाजूला पंधरा-वीस ख्रिस्ती घरं, बरीचशी नोटांच्या प्रेसमधून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेल्यांची. दर वर्षी २३ डिसेंबरला सगळी वस्ती मिळून सामुदायिक नाताळ करते. मांडव आमच्या वाचनालयासमोरच्या मोकळ्या जागेत पडतो. करंज्या, चिवडा, केक सगळ्या घरांतून येतं, आमच्याही घरातून जातं.

गेल्या वर्षी वाचनालयानं पहिल्यांदाच त्यात भाग घेतला. थर्माकोलचा बर्फाचा माणूस, खिडक्यांना कापूस, भाड्यानं आणलेला सांताचा झगा आणि १५० चॉकलेटं. पंचवीस मिनिटांत चॉकलेटं संपली आणि मुलं पांगली. त्या संध्याकाळी एकाही मुलानं एकही पुस्तक हातात घेतलं नाही. घेणार तरी कसं? गर्दीत पुस्तकं जातील या भीतीनं कपाटांना कुलपं मीच लावली होती. रात्री कापूस झाडताना ते फार लागलं मनाला.

आणखी एक गोष्ट आहे. आमच्या एक जुन्या वाचक आहेत, वय ऐंशीच्या पुढे. सगळे त्यांना आजीच म्हणतात. त्या दारात आल्या, सजावट पाहिली आणि म्हणाल्या, “आमचा नाताळ असा नव्हता गं.” आणि गेल्या घरी. मी चॉकलेटं वाटण्यात गुंतले होते. ‘मग कसा होता?’ एवढंही विचारलं नाही मी त्यांना.

यंदा कार्यकारिणीनं ३००० रुपये मंजूर केलेत. मला मॉलसारखा नाही, वाचनालयाचा नाताळ करायचाय. पुस्तकं रचून केलेल्या झाडाचे फोटो पाहिलेत, पण पुस्तकांच्या बांधणीला त्रास होईल का? मोठ्यांसाठी काय ठेवू? आणि सगळ्यात अवघड म्हणजे कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, “वाचनालय सगळ्यांचं आहे, त्यानं धार्मिक कार्यक्रमात पडू नये.” त्यांनी या वाचनालयासाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली आहे, पावसात गळणाऱ्या छपराखाली पुस्तकं हलवली आहेत. त्यांना दुखावून मला काही करायचं नाही.

सविस्तर सांगा, प्लीज. वीस दिवस आहेत हातात.

---

मनमाडचा_ग्रंथपाल · ३ डिसेंबर, सकाळी ७:१५

ताई, झाडाचं मी सांगतो. आमच्याकडे दोनदा केलंय.

चालू देवघेवीतली पुस्तकं मुळीच वापरू नका. नेमकं झाडात अडकलेलंच पुस्तक वाचक मागायला येतो आणि एक ओढलं की सगळं खाली येतं. निर्लेखनासाठी, म्हणजे नोंदवहीतून कमी करायला बाजूला काढलेली पुस्तकं आणि जुने बांधीव अंक घ्या. मधोमध एक उलटा पिंप किंवा उंच स्टूल ठेवा म्हणजे आत पोकळी राहत नाही. त्याभोवती गोल रचायचं, सगळ्यांत खाली जाडजूड खंड, विश्वकोशाचे, शब्दकोशाचे असले तर उत्तम. पाठकणा बाहेरच्या बाजूला आणि पुस्तक आडवं, सपाट. आडव्या पुस्तकाच्या बांधणीला काही होत नाही. उघडून पालथं ठेवलं किंवा पानांत पुस्तक अडकवलं की शिवण उसवते, तेवढं टाळा. प्रत्येक थर खालच्यापेक्षा दोन बोटं आत घ्यायचा. वीट रचताना गवंडी सांधा मोडतो तसा प्रत्येक थराचा सांधा मोडा, म्हणजे झाड डुलत नाही. साडेचार फुटांच्या वर जाऊ नका, मुलं टेकतात.

दिव्यांची माळ एलईडीचीच. जुन्या बल्बच्या माळा तापतात आणि आपला सगळा माल कागद. वायर पुस्तकांच्या मधून घालू नका, वरून सोडा. आणि तेवढ्या तीन तासांसाठी दारात वाळूची बादली ठेवाच.

एक मात्र कळकळीनं सांगतो. कुलपं उघडा. दोन पुस्तकं जातील फार तर. आमचीही गेली होती, त्यातलं एक आठ महिन्यांनी परत आलं, कव्हर घालून.

---

जलालपूरची_लेक · ३ डिसेंबर, दुपारी २:०५

तुमच्या आजींचं वाक्य वाचलं आणि पोळ्या टाकून लिहायला बसले.

अहो, नाशिकच्या वाचनालयानं नाताळ कसा करायचा हे शोधायला लांब जायचंच कशाला? लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, आपल्या गोदावरीकाठच्या जलालपूरचा. गोखल्यांची मनू. नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि या बाईचं जग एका दिवसात उलटंपालटं झालं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या आपल्या विचारानं, आपल्या पायांनी त्या वाटेवर गेल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. १९३४ पासून ते भागाभागानं पुस्तकरूपात येत गेलं आणि १९३६ साली त्या गेल्या. आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांची नावं घेताना हे पहिल्या ओळीत येतं. तुमच्या कपाटात ते नक्की असणार. नाताळच्या टेबलावर मधोमध ते ठेवा.

आणि नुसतं ठेवू नका, वाचून घ्या. त्या बाईंचं लिहिणं बोलल्यासारखं आहे, वाचणाऱ्याला काही वेगळं करावंच लागत नाही. घरात धान्य नाही आणि टिळक पैसे भलत्यालाच देऊन मोकळे झाले, सोवळ्यापायी वडील काय काय करत, असे प्रसंग घ्या. लोक हसतील आणि हसता-हसता गप्प होतील. दहा मिनिटांच्या वर एकाचं वाचन नको, डिसेंबरची थंडी आहे.

गाण्यांचंही तसंच. टिळकांनी अभंग लिहिले, टाळ-मृदंगावर ख्रिस्ती भजन-कीर्तन रुजवलं. त्यांची पदं ‘उपासना संगीता’त आहेत आणि आजही चर्चमध्ये म्हटली जातात. तुमच्या वस्तीतल्या जुन्या मंडळींना पाठ असतील. स्पीकरवर जिंगल बेल्स लावण्यापेक्षा त्यांना टाळ द्या हातात.

सगळ्यात आधी मात्र आजींच्या घरी जा. राहिलेला प्रश्न विचारा.

---

शरणपूररोड_१९५८ · ३ डिसेंबर, रात्री १०:३०

वर ताईंनी लक्ष्मीबाईंचं लिहिलं ते योग्यच. मी दुसरी एक गोष्ट सुचवतो. नाशिकमध्ये रोज शरणपूर रोडवरून जाणाऱ्यांनाही ती ठाऊक नसते. माझं बालपण त्या भागात गेलं, तरी मला ती चाळिशीनंतर कळली.

चर्च मिशनरी सोसायटीनं १८५०च्या दशकात नाशिकच्या बाहेर शरणपूरची वसाहत वसवली. अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलामांची गलबतं पकडायचं. त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली कितीतरी इथे शरणपूरला आणली गेली. लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्या काळच्या कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हटलंय. आफ्रिकेच्या शोधमोहिमा करणारा डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली स्वतः नाशिकला आला आणि शेवटच्या मोहिमेसाठी यांतली ९ मुलं त्यानं सोबत घेतली. १८७३ मध्ये तो आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचा देह महिनोन्महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता. लिव्हिंग्स्टनचं हृदय ज्या झाडाखाली पुरलं त्या झाडावर त्यानं अक्षरं कोरली. तोच पुढे देहासोबत इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधल्या अंत्यविधीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत उभा राहिला. १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसलं, तिथे शरणपूरची बरीच मंडळी जाऊन राहिली.

लिहायला शिकवलेल्या एका मुलानं कुठल्या कुठे जाऊन झाडावर नाव कोरलं. वाचनालयासाठी याहून जवळची गोष्ट कोणती? एका मोठ्या कागदावर नकाशा काढा. नाशिक, मुंबई, झांझिबार, लंडन आणि मध्ये दोरा. मुलं बोट फिरवत उभी राहतात, हे मी नातवंडांवर करून पाहिलंय.

तुमच्या ज्येष्ठ सभासदांनाही ही गोष्ट सांगा. कार्यक्रम धर्माचा की गावाचा, ते त्यांचं ते ठरवतील.

---

आयर्लंडहून_नाशिककर · ४ डिसेंबर, पहाटे ३:५०

थोडक्यात. आइसलँडमध्ये नाताळाच्या आदल्या रात्री एकमेकांना पुस्तकं भेट देतात आणि वाचत बसतात. दुसऱ्या महायुद्धात बाकी वस्तू मिळेनात, कागद मात्र मिळत होता, तेव्हापासून ही रीत पडली. मला वाचताक्षणी आपला दिवाळी अंक आठवला. १९०९ पासून आपण सणाला वाचायला घेतोय! तुमच्याकडे डिसेंबरात दिवाळी अंक अजून फिरत असतील ना? तेही मांडा टेबलावर.

मुलांसाठी पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर नाव न लिहिता फक्त तीन शब्द लिहा. ‘हत्ती, पाऊस, चोरी’ असं. ज्याला जे खुणावेल ते त्यानं घरी न्यायचं, आत काय ते घरीच उघडायचं. देवघेवीची नोंद आधीच करून ठेवा म्हणजे खिडकीशी गर्दी होणार नाही.

आणि सांताला काढू नका, हं. लहान मुलांना तो हवा असतो. त्याच्या पोतडीत फक्त चॉकलेटाऐवजी पुस्तकं घाला.

---

देवघेव_खिडकी · ९ डिसेंबर, रात्री ११:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आजींकडे जाऊन आले. अर्ध्या तासासाठी गेले होते, तीन तास बसले.

त्यांचं माहेर नगरकडचं. नाताळाच्या आधी आठ दिवस घरात तळण असायचं: करंज्या, शंकरपाळे, चकल्या, आपल्या दिवाळीला असतं तेच सगळं. केक नव्हता. नानकटाईचं पीठ पत्र्याच्या ताटांत थापून बेकरीच्या भट्टीत न्यायचं, आपली ताटं ओळखू यावीत म्हणून कडेला दोरा बांधायचा. त्यांच्या आईचा दोरा लाल. चांदणी वडील करायचे, बांबूच्या काड्यांना पतंगाचा कागद चिकटवून. दिवाळीचा आकाशकंदीलच, फक्त पाच टोकांचा. आणि आदल्या रात्री भजनी मंडळी कंदील घेऊन घरोघर फिरायची. टाळ, मृदंग, कानटोप्या. प्रत्येक घरी गूळ-शेंगदाणे नाहीतर चहा. शेवटच्या घरी पोचेपर्यंत पहाट व्हायची आणि गाणाऱ्यांचे आवाज बसलेले असायचे.

मग म्हणाल्या, “आणि आई वाचायची.” त्यांच्या आईला वाचता यायचं, शेजारणींना यायचं नाही. नाताळच्या दुपारी सगळं आवरलं की ओसरीवर बाया जमायच्या आणि आई लक्ष्मीबाई वाचून दाखवायची. कोणत्या घरची कोण, हे कोणी बघत नसे. आजींनी आतल्या खोलीतून प्रत आणून दाखवली. कव्हर केव्हाच गेलंय, खाकी कागद घातलाय. समासात आईच्या हातच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. जिथे वाचन थांबवायचं तिथे छोटी फुली.

मला बोलायला सुचेना. मी एवढंच विचारलं, २३ तारखेला तुम्ही वाचाल का? “डोळे नाहीत गं आता,” म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “पण मला पाठ आहे बरंचसं.”

दुसऱ्या दिवशी आमच्या ज्येष्ठ सभासदांकडे गेले. वाद घातला नाही. आजींनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं, मग शरणपूरची गोष्ट सांगितली. काका ऐकत राहिले. आपण दसऱ्याला वाचनालयात सरस्वतीची पूजा करतो, ही आठवण त्यांनीच काढली, मी नाही. शेवटी म्हणाले, “पूजा-प्रार्थना मांडवात होऊ दे, वाचन आपल्या खोलीत. मला चालेल.” मला हे पटलं. चर्चच्या मंडळींना विचारलं, त्यांनाही अगदी योग्य वाटलं. आणि नकाशा मी काढतो, असं काका म्हणालेत. ते ड्रॉइंगचे शिक्षक होते, हे मी विसरलेच होते.

---

मनमाडचा_ग्रंथपाल · १० डिसेंबर, सकाळी ६:५०

ताई, एक सूचना. आजींच्या प्रतीला त्या दिवशी हाताळायला देऊ नका. तो कागद दुमडला की तुटतो. काचेच्या कपाटात उघडी ठेवा, खाली दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्या द्या म्हणजे कण्यावर ताण येणार नाही. पेन्सिलची फुली दिसेल असं पान निवडा. आणि चिकटपट्टी लावून दुरुस्त करायला कोणी पुढे आलंच तर हात धरा त्याचा.

---

देवघेव_खिडकी · २६ डिसेंबर, दुपारी १२:१०

झाला. जमेल तसं लिहिते, घसा अजून बसलेला आहे.

झाड चार फुटांचं झालं. खाली विश्वकोशाचे खंड, वर जुने बांधीव अंक, टोकाला बांबूच्या काड्यांची पाच टोकांची चांदणी. चांदणी आजींनी सांगितली तशी त्यांच्या नातवानं केली, लाल पतंगाच्या कागदाची. सांधे मोडून रचलं, जराही डुललं नाही. वाळूची बादली दारात होती.

कुलपं उघडी ठेवली. सुरुवातीचा तासभर माझं सगळं लक्ष कपाटांकडेच होतं, मग सुटलं.

गुंडाळलेली पुस्तकं ६० केली होती, तीन शब्द लिहायला आठवी-नववीच्या मुली बसवल्या. माझ्यापेक्षा त्यांना चांगलं जमलं. एका पुडीवर ‘आजोबा, विहीर, खोटं’ असं होतं. ती घेण्यावरून दोन मुलांची भांडाभांडी झाली, शेवटी दोघं भाऊ निघाले, एकच पुडी घेऊन गेले. सांताचा झगा आमच्या पोस्टमननी घातला. पोतडी खांद्यावर घेऊन चालण्याची त्यांना सवयच. साडेसहाला पुडी एकही उरली नाही.

काकांचा नकाशा पूर्ण भिंतभर होता. नाशिकपासून झांझिबारपर्यंत निळा दोरा, तिथून लंडनपर्यंत पांढरा. दर दहा मिनिटांनी काका नव्या घोळक्याला पहिल्यापासून सगळं सांगत होते. एका छोटीनं विचारलं, “त्या मुलांना घरची आठवण येत असेल ना?” काका थांबले. “येत असेलच,” म्हणाले, आणि थोडा वेळ नकाशाकडेच बघत राहिले.

सातला आजी आल्या. शाल, हातात काठी. खुर्ची झाडाजवळ ठेवली होती. समोर सतरंजीवर माणसं दाटीवाटीनं बसली, दारात उभी राहिली, खिडकीच्या गजांना धरून बाहेर थंडीत उभी होती. आजी पुस्तक मांडीवर न घेता बोलायला लागल्या. पाठ म्हणून दाखवतायत असं वाटलंच नाही, शेजारच्या घरात काल घडलेलं सांगावं तसं सांगत होत्या. दोन ठिकाणी अडल्या. दोन्ही वेळा काचेच्या कपाटाजवळ उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेनं पुढचा शब्द दिला. म्हणजे तिलाही पाठ! आजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं, असं सून मला नंतर म्हणाली.

दहा मिनिटांचं ठरलं होतं, पंचवीस झाली. मध्ये कोणी उठलं नाही. मग मांडवातून टाळ ऐकू आले आणि सगळे तिकडे गेले. मी दिवे मालवायला थांबले.

पुस्तकं एक गेलं, एक जादा आलं. कुणीतरी स्वतःकडचं ठेवून गेलंय, आपला शिक्का नाही त्यावर. मुलांचे ११ नवे अर्ज आलेत. खर्च २,६४० रुपये. त्यात सतरंज्यांचं भाडं आलं, नानकटाई मात्र बेकरीवाल्यांनी फुकट भाजून दिली. ताटांना दोरे बांधायला मी विसरले नव्हते.

आता अडचण अशी की आमच्याकडे ‘स्मृतिचित्रे’ची एकच प्रत आहे आणि काल दुपारपासून तिच्यासाठी ९ नावं लागलीयत. त्यातली चार साठीच्या पुढची आहेत. मोठ्या टायपातली प्रत कुणाच्या पाहण्यात आहे का? उरलेले ३६० रुपये त्यात घालायचे, असं काकांनी कालच सांगून टाकलंय.